समोरासमोर

इटलीतील व्हेरोना शहरात एक विलक्षण वाद्य जतन करून ठेवलेले आहे. प्रथमदर्शनी ती लाकडाची एक लांबलचक पेटीच वाटते. जवळ गेल्यावर ध्यानात येते, की पेटीच्या दोन्ही टोकांना वाजविण्याच्या पट्ट्या आहेत. एक वादक या टोकाला बसतो, दुसरा त्या टोकाला. दोघांची तोंडे एकमेकांकडे. एका टोकाच्या पट्ट्या दाबल्या की हार्पसिकॉर्ड वाजू लागतो, दुसऱ्या टोकाच्या दाबल्या की पियानो. जर्मनीतील आउग्सबर्ग शहरातील योहान आंद्रेयास श्टाइन या कारागिराने १७७७ साली ते घडविले. फ्रेंच भाषेतील ‘व्हिजाव्ही’, म्हणजे ‘समोरासमोर’, या नावाने ते ओळखले जाते. त्याच कारागिराने १७८३ साली घडविलेले याच जातीचे दुसरे वाद्य नेपल्स येथील सान पिएत्रो आ मायेल्ला या संगीत विद्यालयात आहे.

या वाद्यांविषयी आम्ही प्रथम वाचले तेव्हा कुतूहलापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले. संगीताचा इतिहास सांगणारी पुस्तके एक सरधोपट गोष्ट सांगतात: आधी हार्पसिकॉर्ड होता, मग पियानो आला आणि त्याने हार्पसिकॉर्डला हुसकावून लावले. नवे आले की जुने जाते हा जगाचा नियम म्हणून आपणही ही गोष्ट मुकाट्याने मान्य करतो. मग ज्या काळी नवे वाद्य जुन्याला मागे सारीत होते, नेमक्या त्याच काळी एक चतुर कारागीर दोघांना एकाच पेटीत का बसवितो? आणि त्याच सुमारास चांगले चांगले संगीतकार या दोहोंचा संवाद घडवून आणणाऱ्या रचना का करतात? या प्रश्नांचा मागोवा घेता घेता आम्ही फ्लॉरेन्सच्या राजवाड्यात, स्पेनमधील मठात आणि बर्लिनमधील एका यहुदी विदुषीच्या दिवाणखान्यात जाऊन पोहोचलो. तोच प्रवास वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभी दोन्ही वाद्यांतील भेद समजून घेतला पाहिजे. तो समजण्यास आपल्याकडील वाद्यांची मदत होते. सतारीची तार नखीने छेडली जाते. संतूरच्या तारेवर लहानशा काडीने आघात केला जातो. हार्पसिकॉर्ड हा सतारीच्या पंथातला. त्याची पट्टी दाबली की आत एक लाकडी पट्टिका वर उचलली जाते आणि तिला बसविलेला पक्ष्याच्या पिसाचा टोकदार तुकडा तारेला छेडून जातो. आवाज स्वच्छ, ठसठशीत आणि चमकदार. परंतु पट्टी हळू दाबा की जोराने, आवाजात फारसा फरक पडत नाही. पियानो हा संतूरच्या पंथातला. त्याची पट्टी दाबली की चामड्याने मढविलेली चिमुकली हातोडी तारेवर आपटते आणि तत्क्षणी मागे येते. बोट हळू पडले तर स्वर हळू, जोराने पडले तर स्वर मोठा. कुजबुज आणि गर्जना ही दोन्ही एकाच बोटात आली. या वाद्याचे मूळ नावही त्यावरूनच पडले. इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोराने.

हे वाद्य निर्माण करणारा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी १६५५ साली पादुआ येथे जन्मला. संत अंतोनीची समाधी जिथे आहे ते हेच पादुआ. १६८८ साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील राजपुत्र फेर्दिनांदो याने त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले. राजपुत्राच्या वाद्यांची देखभाल करावी, ती सुरात लावावीत आणि नवी घडवावीत, हे त्याचे काम. १७०० साली राजवाड्यातील वाद्यांची जी यादी झाली तिच्यात हळू आणि जोराने वाजणाऱ्या एका नव्या वाद्याची नोंद आढळते. १७११ साली शिपिओने माफ्फेई या विद्वानाने एका नियतकालिकात त्याचे सविस्तर वर्णन छापले, आतील यंत्रणेची आकृतीही दिली. माफ्फेई मूळचा व्हेरोनाचा, हा एक गमतीदार योगायोग! त्या लेखात नव्या वाद्याविरुद्धचे आक्षेपही नोंदविलेले आहेत. त्यांतील मुख्य आक्षेप असा, की या वाद्याचा आवाज हार्पसिकॉर्डच्या मानाने मवाळ आणि दबका आहे.

हा आक्षेप आजच्या वाचकाला चकित करील. आपण सभागृहात जो प्रचंड पियानो पाहतो, त्याच्या लोखंडी सांगाड्यावर ताणलेल्या जाड तारा शेकडो श्रोत्यांपर्यंत सहज पोहोचतात. परंतु तो एकोणिसाव्या शतकातला पियानो होय. अठराव्या शतकातला पियानो सडपातळ, लाकडी आणि मृदुभाषी होता. दोघांना शेजारी शेजारी ठेवले असता ठणठणीत आवाज म्हाताऱ्याचा आणि हलका आवाज तरुणाचा, असा प्रकार होई. क्रिस्तोफोरीने घडविलेल्या पियानोंपैकी आज केवळ तीन शिल्लक आहेत: १७२० सालचा न्यूयॉर्क येथे, १७२२ सालचा रोम येथे आणि १७२६ सालचा लाइपत्सिग येथे.

फ्लॉरेन्सचे हे नवे वाद्य इटलीत फारसे रुजले नाही. त्याचे खरे कौतुक झाले ते पोर्तुगालच्या राजघराण्यात. त्या वेळी लिस्बनच्या सिंहासनावर पाचवा जॉन होता. १७०६ ते १७५० असा दीर्घकाळ त्याने राज्य केले. आमच्या वसईकर वाचकांना हा राजा अपरिचित नसावा. याच्याच कारकिर्दीत, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. तिकडे लिस्बनमध्ये मात्र ब्राझीलच्या सोन्यावर दरबार झळाळत होता. १७१६ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी राजाच्या प्रार्थनामंदिराला महाधर्मपीठाचा दर्जा दिला, आणि तेथील उपासनासंगीतासाठी राजाने रोमहून गुणी माणसे बोलावली. रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरातील गायकवृंदाचा प्रमुख असलेला दोमेनिको स्कार्लात्ती हा त्यांपैकीच एक. राजकन्या मारिया बार्बारा आणि राजाचा धाकटा भाऊ दोम अंतोनियो हे त्याचे शिष्य.

या दोम अंतोनियोला अर्पण केलेला बारा सोनाटांचा एक संग्रह १७३२ साली फ्लॉरेन्स येथे छापला गेला. तो रचणारा लोदोविको जुस्तिनी हा पिस्तोया गावच्या चर्चमधील ऑर्गनवादक. हळू आणि जोराने वाजणाऱ्या, हातोड्यांच्या वाद्यासाठी आपण या रचना केल्या आहेत, असे त्याने मुखपृष्ठावरच स्पष्ट केले. केवळ पियानोसाठी म्हणून छापले गेलेले जगातील पहिले संगीत ते हेच. म्हणजे पियानोच्या जन्माशी एका गावातल्या चर्चच्या ऑर्गनवादकाचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

मारिया बार्बारा १७२९ साली विवाह होऊन स्पेनला गेली, पुढे तेथील राणी झाली, आणि आपल्या गुरुजींनाही तिने बरोबर नेले. १७५८ साली ती निवर्तली तेव्हा तिच्या वाद्यांची यादी करण्यात आली. तीत बारा पट्टीवाद्ये होती आणि त्यांपैकी पाच फ्लॉरेन्सला घडलेले पियानो होते. परंतु त्यांतील दोन पियानोंच्या हातोड्या काढून टाकून त्यांचे हार्पसिकॉर्ड करण्यात आले होते! ही नोंद वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. नव्याने जुन्याला हुसकावले ही सरधोपट गोष्ट इथे पार उलटी होते. ज्या राणीने पियानोचे मोल आधी ओळखले, तिच्याच वाड्यात दोन पियानोंना जुन्या वाद्याचा अवतार घ्यावा लागला. कोणते वाद्य टिकणार हे त्या काळी कोणालाही ठाऊक नव्हते. वाटा दोन्ही बाजूंनी खुल्या होत्या.

स्कार्लात्तीच्या सहवासात आलेला एक तरुण मठवासी म्हणजे फादर अंतोनियो सोलेर. मोन्तसेरातच्या मठातील शाळेत तो लहानपणी संगीत शिकला आणि १७५२ साली माद्रिदजवळील एल एस्कोरियाल येथील संत जेरोमच्या संघाच्या मठात दाखल झाला. १७८३ साली मरेपर्यंत तो तिथेच राहिला. मठातील प्रार्थना, गायकवृंदाची तालीम, विद्यार्थ्यांना शिकविणे, असा त्याचा दिनक्रम. राजपुत्र दोन गाब्रिएल हा त्याचा शिष्य. गुरुशिष्यांनी मिळून वाजवावे म्हणून सोलेरने दोन ऑर्गनसाठी सहा रचना केल्या. त्यांत दोन्ही वाद्ये सारख्या मानाची. एकाने वाक्य उच्चारावे आणि दुसऱ्याने ते उचलून पुढे न्यावे, असा हा खेळ. दोन ऑर्गन एकत्र मिळणे दुर्घट, म्हणून आजचे वादक अनेकदा या रचना एका हार्पसिकॉर्डवर आणि एका जुन्या धाटणीच्या पियानोवर सादर करतात. आवाज भिन्न असल्याने कोण बोलतो आहे हे श्रोत्याला चटकन उमगते. राजपुत्र आणि साधा मठवासी एकमेकांसमोर बसून बरोबरीने वाजवीत आहेत, हे चित्र आम्हांला फार आवडते.

इकडे जर्मनीत काय चालले होते? गोटफ्रीड झिल्बरमान हा ऑर्गन घडविणारा नामवंत कारागीर. माफ्फेईच्या लेखाचे जर्मन भाषांतर १७२५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे झिल्बरमानने पियानो घडवावयास घेतले. त्याने एक वाद्य योहान सेबास्टियान बाख यांना दाखविले. बाखांनी नादाची स्तुती केली, परंतु वरच्या पट्टीतले स्वर दुर्बळ आहेत आणि बोटांना पट्ट्या जड लागतात, असा स्पष्ट अभिप्राय दिला. झिल्बरमान मनातून दुखावला. तरी रागावून स्वस्थ न बसता तो कित्येक वर्षे त्या दोषांवर काम करीत राहिला, आणि पुढे बाखांनीच त्याच्या सुधारलेल्या वाद्याला मनमोकळी पसंती दिली. १७४७ साली पोट्सडाम येथे प्रशियाच्या फ्रेडरिक राजासमोर बाखांनी वाजविले ते झिल्बरमानच्याच पियानोंवर. १७४९ साली तर एका पोलिश सरदाराला पियानो विकून दिल्याच्या पावतीवर खुद्द बाखांची सही आहे. कडक परीक्षकच अखेरीस विक्रेता झाला!

बाखांचा शेवटचा शिष्य म्हणजे योहान गोटफ्रीड म्यूटेल. १७५० साली, गुरूच्या अखेरच्या महिन्यांत, तो त्यांच्याकडे आला. पुढे रिगा शहरी ऑर्गनवादक म्हणून त्याने आयुष्य काढले. तेथे १७७१ साली त्याचे एक द्वंद्ववादन छापले गेले. ते दोन क्लॅविकॉर्डवर, दोन पियानोंवर अथवा दोन हार्पसिकॉर्डवर वाजवावे, असे मुखपृष्ठावर नमूद आहे. त्या काळच्या छापील संगीतावर ‘हार्पसिकॉर्ड अथवा पियानो’ ही शब्दयोजना वारंवार आढळते. प्रकाशकाला दोन्हीकडचे गिऱ्हाईक हवे होते हे खरेच. परंतु घराघरांतून दोन्ही वाद्ये नांदत होती हेही तितकेच खरे. ज्या घरी दोन्ही असत, तिथे बहीणभाऊ किंवा गुरुशिष्य एकेका वाद्यावर बसत. आमच्या विषयाचे खरे घर हेच: सभागृह नव्हे, तर दिवाणखाना.

याच पिढीतील आणखी एक नाव कॅथोलिक वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बाखांचा सर्वांत धाकटा मुलगा योहान क्रिस्टियान तरुणपणी इटलीला गेला. बोलोन्या येथील फ्रान्सिस्कन धर्मगुरू पाद्रे मार्तिनी यांच्याकडे त्याने विद्या घेतली, कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली आणि १७६० साली मिलानच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादकाची जागा पत्करली. लूथरपंथाचा सर्वश्रेष्ठ संगीतकार म्हणून ज्यांना जग ओळखते, त्यांच्या पुत्राने हे पाऊल टाकले. १७६२ साली तो लंडनला गेला आणि २ जून १७६८ रोजी तेथील जाहीर कार्यक्रमात त्याने एकट्याने पियानो वाजविला. दोन पट्टीवाद्यांसाठी रचलेला त्याचा जी स्वरातला सोनाटा १७७८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. १७८२ साली तो कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. लंडनमधील कॅथोलिकांची जिथे दफने होत, त्या जुन्या सेंट पॅन्क्रस चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली.

आता पुन्हा आउग्सबर्गला येऊ. कारण श्टाइनचे समोरासमोरचे वाद्य ज्या गावात घडले, ते गावच मुळी समोरासमोर वसलेले आहे. १५३० साली लूथरपंथीयांनी आपले श्रद्धानिवेदन सम्राटापुढे मांडले ते येथे. १५५५ चा धर्मविषयक तह झाला तोही येथे. त्यानंतर तीस वर्षांच्या भीषण युद्धात या गावाने फार सोसले. ८ ऑगस्ट १६२९ रोजी लूथरपंथीयांची उपासना बंद पाडण्यात आली. अखेर १६४८ च्या तहाने असे ठरविले, की या नगराच्या कारभारातील सर्व पदे कॅथोलिक आणि लूथरपंथीय यांच्यात समसमान वाटली जावीत. नगराचे प्रमुख दोन. एक या पंथाचा, दुसरा त्या पंथाचा. संत उलरिख आणि संत आफ्रा यांचे भव्य कॅथोलिक मंदिर आणि त्याच्या पुढ्यातच संत उलरिखच्याच नावाचे छोटे लूथरपंथीय मंदिर, ही जोडगोळी आजही तेथे पाहावयास मिळते. ही समानता प्रेमातून आलेली नव्हती, थकव्यातून आली होती, हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पण थकव्यातून का होईना, माणसे शेजारी म्हणून राहू लागली.

श्टाइन १७२८ साली जन्मला. तो लूथरपंथीय. स्ट्रासबर्ग येथे झिल्बरमान घराण्याच्याच कारखान्यात त्याने काही काळ काम केले आणि मग आउग्सबर्गला स्थायिक झाला. १७५७ साली तेथील ‘अनवाणी साधूंचे चर्च’ या नावाच्या लूथरपंथीय मंदिराचा मोठा ऑर्गन त्याने पुरा केला आणि पुढे तो तेथे ऑर्गनवादकही झाला. (हे अनवाणी साधू म्हणजे फ्रान्सिस्कन, धर्मसुधारणेपूर्वी ते मंदिर त्यांचे होते, आणि नाव तेवढे मागे राहिले.)

ऑक्टोबर १७७७ मध्ये, म्हणजे व्हेरोनाचे वाद्य ज्या वर्षी घडले त्याच वर्षी, एकवीस वर्षांचा वोल्फगांग मोत्झार्ट श्टाइनच्या दारी आला. त्याचे वडील लिओपोल्ड हे मूळचे आउग्सबर्गचे, तेथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेले. मुलाने थट्टा म्हणून आपले नाव उलट्या अक्षरांनी सांगितले. परंतु वडिलांचे पत्र वाचताच श्टाइनने त्याला मिठी मारली. पुढील काही दिवसांत मोत्झार्टने श्टाइनचे पियानो मनसोक्त वाजविले आणि घरी पाठविलेल्या पत्रात त्यांची तोंड भरून स्तुती केली. हातोडी तारेवर आपटल्यावर अडकून राहत नाही, स्वर नको तेव्हा रेंगाळत नाही, गुडघ्याने दाबावयाची कळ हलक्या स्पर्शाने चालते, हे सर्व त्याने बारकाईने नोंदविले आहे. वाद्यातील नाद देणारी फळी श्टाइन मुद्दाम ऊन, पाऊस आणि बर्फ यांत ठेवतो, ती तडकली की चिरांत पाचरी बसवून सरस लावतो आणि मगच वापरतो, असेही तो सांगतो. जी फळी आधीच तडकून सांधली गेली, ती पुढे दगा देत नाही, असा त्यामागचा हिशेब.

२२ ऑक्टोबर रोजी आउग्सबर्गमध्ये मोत्झार्टच्या संगीताचा कार्यक्रम झाला. त्यात तीन पियानोंसाठी रचलेली त्याची एक रचना सादर झाली. पहिल्या वाद्यावर बसला कॅथोलिक कॅथेड्रलचा ऑर्गनवादक डेमलर, दुसऱ्यावर स्वतः मोत्झार्ट, आणि तिसऱ्यावर लूथरपंथीय ऑर्गनवादक श्टाइन. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांची प्रार्थनामंदिरे बंद पाडली, त्यांचे वंशज एका मात्रेवर बोटे टाकीत होते. त्या तिघांनी याचा काही गाजावाजा केला असेल असे वाटत नाही. त्यांना आपला ताल सांभाळावयाचा होता.

समोरासमोरच्या त्या पेटीत श्टाइनने काय साधले, ते आता अधिक नीट समजते. दोन वेगळी वाद्ये दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत ठेवली तर ती सुरात जुळविणे आणि वादकांनी एकमेकांकडे पाहणे, दोन्ही अवघड. एका पेटीत ती आली की अंतर मिटते. वादक मान वर करताच समोरच्याचे डोळे दिसतात. स्वर मात्र आपापला राहतो. हार्पसिकॉर्ड आपली धार सोडत नाही, पियानो आपला मृदुपणा सोडत नाही. अशा द्वंद्ववादनात दोघांनाही एक पथ्य पाळावे लागते. हार्पसिकॉर्ड वाजविणाऱ्याने स्वरांची गर्दी करून पियानोला बुडवू नये. पियानो वाजविणाऱ्याने आपल्या चढउतारांची ऐट मिरवून समोरच्याला ओशाळवू नये. एकमेकांचे ऐकल्यावाचून दोघांचेही वादन उभे राहत नाही.

या साऱ्या परंपरेचा अखेरचा मोठा आविष्कार १७८८ साली झाला. बाखांचे दुसरे पुत्र कार्ल फिलिप एमानुएल तेव्हा हॅम्बुर्ग येथे होते. वय चौऱ्याहत्तर. त्या वर्षी त्यांनी हार्पसिकॉर्ड, पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक कॉन्चेर्तो रचला. वाद्यवृंद असल्याने ही काटेकोर अर्थाने दिवाणखान्यातली रचना नव्हे, परंतु तिचा जीव दोन पट्टीवाद्यांच्या संवादातच आहे. त्यात दोन्ही वाद्यांना जवळपास सारखेच काम दिलेले आहे. नव्याला नायक आणि जुन्याला विदूषक करण्याचा मोह म्हाताऱ्या संगीतकाराने टाळला. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी ते निवर्तले.

ही रचना बर्लिनच्या सारा लेव्ही या विदुषीसाठी झाली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. सारा यहुदी घराण्यातली, बाखांचे थोरले पुत्र विल्हेल्म फ्रीडेमान यांची शिष्या. तिच्या दिवाणखान्यात यहुदी आणि ख्रिस्ती रसिक एकत्र बसून संगीत ऐकत. लोक बाखांना विसरू लागले होते तेव्हा तिने बाखकुटुंबाच्या हस्तलिखितांचा संग्रह केला आणि पुढे तो बर्लिनच्या ‘झिंगआकाडेमी’ या गायनसंस्थेला दिला. तिच्याच बहिणीचा नातू फेलिक्स मेंडेल्सझोन याने १८२९ साली त्या संस्थेत बाखांचे संत मत्तयलिखित ‘दुःखसहन’ पुन्हा उभे केले. दुसऱ्या महायुद्धात संस्थेचा ग्रंथसंग्रह नाहीसा झाला. १९९९ साली तो युक्रेनमधील कीव्ह शहरी सापडला आणि २००१ साली बर्लिनला परतला. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे गान एका यहुदी कुटुंबाने जगासाठी जपले, ही गोष्ट आपण प्रार्थनापूर्वक आठवावी अशी आहे.

अठरावे शतक संपता संपता हार्पसिकॉर्डचे दिवस भरले. लंडनच्या ब्रॉडवुड कारखान्याने १७९३ च्या सुमारास ते घडविणे थांबविले. मोठमोठी सभागृहे उभी राहिली, मोठ्या आवाजाची गरज वाढली आणि पियानो दणकट होत गेला. कित्येक सुंदर हार्पसिकॉर्ड अडगळीत गेले, कित्येकांचे जळण झाले. सुमारे शंभर वर्षांनंतर, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, ते पुन्हा लोकांसमोर आले. विसाव्या शतकात वांडा लांडोव्स्का या पोलिश वादिकेने त्यांना पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले. जुन्या धाटणीचे पियानोही मग घडू लागले. २००७ साली आंद्रेयास श्टायर आणि क्रिस्टीने शोर्न्सहाइम या दोन वादकांची मोत्झार्टच्या संगीताची ध्वनिमुद्रिका निघाली. ती श्टाइनच्या समोरासमोरच्या वाद्यावर वाजविलेली आहे.

या कथेला आपल्या उपासनेशी जोडणारा एक धागा राहिला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप संत दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी एक आदेश काढला. त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. नाटकगृहे आणि मेजवान्या यांच्याशी त्या वाद्याचे नाते जडले होते, हे लक्षात घेतले तर त्यामागची चिंता समजू शकते. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. त्यात ऑर्गनचा मान कायम राखून, पवित्र कार्यास योग्य असतील अथवा योग्य करता येतील अशा अन्य वाद्यांनाही, अधिकाऱ्यांच्या संमतीने, दार उघडले गेले. त्याच दारातून आपल्या मंदिरांत तबला आला.

आपल्या धर्मग्रामांतून हा प्रश्न अजून जिवंत आहे. लॅटिन गाण्यांवर वाढलेले आजोबा, पेटी-तबल्यावर मराठी गीते बसविणारी त्यांच्या मुलांची पिढी आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन आलेली नातवंडे, अशा तीन पिढ्या एकाच गायनवृंदात बसतात. सणाच्या मिस्सेची गीते ठरविताना मग कुरबुरी होतात. कोणीतरी रुसते, कोणीतरी रविवारी यायचे थांबते आणि एक चांगला आवाज कायमचा गप्प होतो. आम्ही हे जवळून पाहिले आहे, आणि कबूल केले पाहिजे, की आमचा कल बहुधा जुन्याकडेच असे. श्टाइनच्या पेटीची हकिगत वाचल्यापासून मात्र आम्ही तालमीच्या वेळी एक गोष्ट करू लागलो आहोत. आमची खुर्ची आम्ही कीबोर्ड वाजविणाऱ्या मुलाच्या पाठीमागून उचलून त्याच्या समोर नेऊन ठेवली आहे.

गेल्या नाताळच्या तालमीत त्याने मध्येच हात थांबविला आणि विचारले, “अंकल, हे लॅटिन गीत कोणत्या पट्टीत गायचा तुम्ही?” आम्ही गाऊन दाखविले. त्याने आवाज हळू केला आणि साथ धरली.